वजा करून लिहिलेली नावं

काळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं उमटतात, आणि पांढरा रंग मात्र कुणी आणलेलाच नसतो. घरच्या घरी सिंथेसायझर बांधणारा माणूस ॲल्युमिनियमचं काळं ॲनोडाइज्ड पॅनेल लेसरखाली ठेवतो, किरण बारीक रेघा ओढत पुढे सरकतो आणि 'फ्रिक्वेन्सी', 'गेट', 'आउट' अशी नावं दिसू लागतात. शाई नाही, ब्रश नाही, स्टिकर नाही. ॲनोडायझिंग करताना सल्फ्युरिक आम्लात वीज सोडून ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा थर वाढवतात. हा थर जेमतेम दहा-वीस मायक्रॉनचा आणि सूक्ष्म छिद्रांनी भरलेला असतो. काळा रंग त्या छिद्रांत मुरवतात आणि मग कढत पाण्यात छिद्रांची तोंडं बंद करतात. लेसर तो मुरलेला रंग तेवढा जाळतो. जिथून काळं गेलं, तिथे अक्षर.

दिङ्नाग या बौद्ध तर्कपंडिताने दीड हजार वर्षांपूर्वी शब्दांविषयी बरंचसं असंच सांगितलं होतं. पण त्याच्याकडे वळण्याआधी पत्र्याचं काम थोडं बघायला हवं. सगळा वाद त्या पत्र्यावरच रंगतो.

म्युनिकजवळच्या ग्रेफेल्फिंगमध्ये कारखाना असलेल्या डीटर डोएप्फर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्याला 'ए-१००' ही मॉड्युलर प्रणाली आणली. तिची मापं पुढे जगभर रूढ झाली आणि त्या मापांना 'युरोरॅक' म्हणू लागले. पॅनेलची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत, जॅक ३.५ मिलिमीटरचे, वीज अधिक-उणे १२ व्होल्ट. एक मॉड्यूल आवाज निर्माण करतं, दुसरं तो गाळतं, तिसरं त्याला चढउतार देतं आणि बाहेरच्या वायरी त्यांना एकमेकांशी जोडतात. मापं उघड असल्यामुळे कुणीही स्वतःचं मॉड्यूल बनवून त्या चौकटीत बसवू शकतो. रे विल्सन यांच्या 'म्युझिक फ्रॉम आउटर स्पेस'च्या आराखड्यांवरून कितीतरी लोक सर्किट जोडायला शिकले. सर्किट एकदाचं जमतं. अडतं ते चेहऱ्यापाशी.

पूर्वी लोक डायमोच्या पट्ट्या चिकटवत, लेट्रासेटची अक्षरं घासून उतरवत, पाण्यात भिजवून सरकवायचे डिकल लावत, नाहीतर टोनर इस्त्रीने पत्र्यावर उतरवून फेरिक क्लोराइडने पत्रा कोरून घेत. बर्लिनच्या शेफर कंपनीसारख्या ठिकाणी फाइल पाठवली की सुबक कोरलेलं पॅनेल येतं, पण खिसा हलका होतो. मग घरगुती लेसर स्वस्त झाले. त्यांचेही स्वभाव वेगवेगळे. कार्बन डायऑक्साइडचा लेसर १०.६ मायक्रॉनचा किरण टाकतो. कोऱ्या ॲल्युमिनियमवरून तो बहुतेक सगळा परत फिरतो, पण ॲनोडाइज्ड थरातला रंग मात्र व्यवस्थित उडवतो. निळ्या किरणाचा छोटा डायोड लेसरही काळा रंग फिका करू शकतो. कोऱ्या धातूत खरोखर कोरायचं असेल तर १०६४ नॅनोमीटरचा फायबर लेसर लागतो. तो नसेल तर लोक पत्र्याला आधी रंगाचा फवारा देतात आणि तो रंगच लेसरने उडवतात. डोळ्यांवर त्या त्या किरणासाठी बनवलेलाच चष्मा हवा, कारण चकचकीत धातू किरण कुठे फेकेल याचा भरवसा नसतो.

या खटाटोपातली खरी मेख भोकांची आहे. जॅकला ६ मिलिमीटरचं भोक आणि छोट्या पोटेन्शिओमीटरला ७ मिलिमीटरचं. अक्षर भोकाच्या फार जवळ आलं तर नटाखाली जातं, फार वर गेलं तर नॉबच्या सावलीत हरवतं. म्हणून आधी कागदावर एकास एक मापाने छापून, पुठ्ठ्याला चिकटवून, नॉब बसवून बघायचं. कागदावर हवं तितक्या वेळा मन बदलता येतं. ॲनोडाइज्ड थरातला रंग एकदा जळला की ते अक्षर पुसायची सोय नाही. पुसायचं म्हणजे जळलेला रंग परत आणायचा, आणि ते कोणत्याही लेसरला जमत नाही. त्यामुळे प्रत्येक नॉबखाली काय लिहायचं हा प्रश्न लेसर चालू करण्याआधी कायमचा सोडवावा लागतो. सजावटीचं वाटलेलं काम इथे तत्त्वज्ञानात शिरतं: एखाद्या वस्तूवर नाव लिहिलं की नेमकं काय घडतं?

साधं उत्तर असं की वस्तूत एक गुण असतो आणि नाव त्याच्याकडे बोट दाखवतं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, थोड्याफार फरकाने हेच म्हणत. सगळ्या गायींमध्ये 'गोत्व' नावाचं काहीतरी खरोखर असतं आणि 'गाय' हा शब्द त्याला जाऊन भिडतो. दिङ्नागाला हे पटलं नाही. 'प्रमाणसमुच्चय' या ग्रंथाच्या पाचव्या परिच्छेदात त्याने 'अपोह' मांडला. त्याच्या मते प्रत्येक वस्तू एकमेव असते आणि दोन गायींत सामाईक असं काही तरंगत नसतं. शब्द वस्तूला शिवतही नाही. 'गाय' म्हटल्यावर एवढंच होतं की जे जे गाय नाही ते बाजूला सारलं जातं. अर्थ म्हणजे उरलेली जागा.

हा दिङ्नाग दक्षिणेत कांचीजवळचा, असं परंपरा सांगते. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्सांग महाराष्ट्रात आला. राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं आणि त्याच्या दारातल्या दगडी हत्तींचं वर्णन करताना दिङ्नाग तिथे अनेकदा राहत असे, अशी नोंद त्याने केली आहे. अभ्यासक तो विहार अजिंठ्याचा मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी ते हत्ती आजही आहेत. अख्खं लेणं दगड काढून काढून तयार झालेलं असतं, तिथे आत काही आणून ठेवत नाहीत. अशा ठिकाणी राहिलेल्या माणसाला अर्थ वगळण्यातून तयार होतो असं सुचलं असेल, हा मोह आवरायला हवा. कारण त्याचा सिद्धान्त तर्कातून आला आहे, निसर्गदृश्यातून नाही.

पॅनेलवर मात्र अपोह हाताला लागतो. 'डिके' असं लिहिलेल्या नॉबकडे वादक बघतो तेव्हा त्याला डिकेचं स्वरूप कळत नाही. ते कानाने कळायचं असतं. त्याला कळतं ते एवढंच की हा अटॅकचा नॉब नाही, रिलीजचा नाही, पट्टी बदलणारा नाही. अंधाऱ्या मंचावर चाळीस नॉबांमधून एक पकडायचा असतो तेव्हा उरलेले एकोणचाळीस बाजूला करणं हेच नावाचं काम. एकच नॉब असलेल्या यंत्रावर नावाची फारशी गरज नसते. वगळायला काही नसतं.

आणि वगळण्याची किंमतही मोजावी लागते. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ च्या अखेरीस 'टीबी-३०३' हे चंदेरी, छोटेखानी यंत्र काढलं. त्याच्या चेहऱ्यावर 'बेस लाइन' असं छापलं होतं. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बेस वाजवणारा साथीदार मिळावा हा त्याचा हेतू. त्या कामात ते काही कुणाला रुचलं नाही आणि १९८४ पर्यंत उत्पादन बंदही झालं. दोन शब्दांनी त्याच्या बाकीच्या सगळ्या शक्यता झाकल्या होत्या. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये हेच यंत्र, रोलँडचंच टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. भैरव, ललत, यमनच्या सुरावटी असलेली ही तबकडी एचएमव्हीने काढली आणि ती फारशी कुणी ऐकली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने त्याच यंत्राच्या वरच्या ओळीतले नॉब वाजत असताना फिरवत ठेवले, आणि 'ॲसिड' म्हणून ओळखला जाणारा नृत्यसंगीताचा प्रकार सुरू झाला. मुंबईची तबकडी २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा पाश्चात्त्य समीक्षक चक्रावले. एकमेकांना न ओळखणारे हे लोक एकाच अर्थाने सारखे होते: पॅनेलवर काय लिहिलंय ते त्यांनी मनावर घेतलं नाही.

दिङ्नागाचा सिद्धान्त इथवर देखणा दिसतो. पण त्याला सातव्या शतकातच मीमांसक कुमारिल भट्ट भेटले. 'श्लोकवार्तिका'त त्यांनी विचारलेला प्रश्न अजूनही टोचतो. 'अ-गाय' वगळायची तर अ-गाय म्हणजे काय हे आधी कळायला हवं, आणि ते कळायला गाय ठाऊक हवी. म्हणजे तुम्ही वर्तुळात फिरताय. सिंथेसायझर बांधणाऱ्याच्या टेबलावर हा प्रश्न रोजचा आहे. फिल्टरवर एक नॉब असतो. कापलेल्या कंपनसंख्येच्या आसपासचा आवाज तो टोकदार करतो. रॉबर्ट मूग यांच्या १९६० च्या दशकातल्या मोठ्या मॉड्युलर यंत्रावर त्याचं नाव होतं 'रिजनरेशन'. त्यांच्याच १९७० च्या मिनीमूगवर 'एम्फसिस'. एआरपी २६०० वर 'रेझोनन्स'. १९७८ च्या कोर्ग एमएस-२० वर 'पीक'. चार पॅनेल, चार नावं, आणि कोणत्याही वादकाला सांगावं लागत नाही की नॉब एकच आहे. नाव फक्त वगळत असेल तर हे एकपण कुठून आलं? कुमारिल म्हणतील, त्या नॉबांत खरोखर काहीतरी समान आहे म्हणून.

पण झाकण उघडलं तर कुमारिलांचीही पंचाईत होते. मूगच्या फिल्टरमध्ये ट्रान्झिस्टरांची शिडी आहे आणि तिचा बाहेर पडणारा आवाज परत आत सोडतात. एमएस-२० ची रचना वेगळ्या घराण्यातली. ओबरहाइमचा फिल्टर आणखी तिसऱ्या तऱ्हेचा, तिथे टोक वाढवायचं म्हणजे आतला रोध कमी करायचा. सामाईक भाग शोधायला जावं तर सापडत नाही. दिङ्नागाच्याच परंपरेतल्या धर्मकीर्तीने अपोहाची बाजू सावरताना नेमकं हेच उत्तर दिलं होतं, आणि उदाहरण दिलं होतं वनस्पतींचं. गुळवेल आणि तिच्यासारख्या कितीतरी औषधी एकमेकींपासून अगदी भिन्न, तरीही प्रत्येकीने ताप उतरतो. ताप उतरवण्यासाठी सगळ्यांत एक 'ज्वरघ्नत्व' असावं लागत नाही. काम एक असलं की मन त्यांना एका खणात टाकतं. चार फिल्टरांना एकत्र आणतो तो कान. त्यांच्या पोटातल्या कुठल्याही भागाकडे ते श्रेय जात नाही. दोघांपैकी कुणाच्या पारड्यात माप टाकावं असं विचारलं, तर सोल्डरिंगच्या टेबलापाशी धर्मकीर्ती भारी ठरतो.

तरी त्याच्याही वाटेत एक खड्डा आहे. तोच 'रेझोनन्स'चा नॉब पूर्ण उजवीकडे फिरवला की पुष्कळसे फिल्टर स्वतःच शिट्टी घालू लागतात. बाहेरून काही न येता त्यांच्यातून सूर निघतो. फिल्टरचा ऑसिलेटर होतो. पॅनेलवरच्या 'फिल्टर' या अक्षरांनी आधी ज्याला बाहेर ठेवलं होतं, तेच आतून उगवलं. काम बदललं, मग खणही बदलायला हवा, पण अक्षर जळून बसलेलं आहे. नॉबच्या कोणत्या कोनाला नाव खोटं झालं?

या अडचणीतून कॅलिफोर्नियात दोन वाटा निघाल्या. सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरच्या मॉर्टन सुबोट्निक आणि रामोन सेंडर यांनी डॉन बुक्लांकडून यंत्र बनवून घेतलं. बुक्लांना 'सिंथेसायझर' हा शब्दच नको होता, कारण त्यातून जुन्या वाद्यांची नक्कल सूचित होते असं त्यांना वाटे. पियानोसारखी पट्टी लावायलाही ते नाखूश. त्यांच्या एका मॉड्यूलच्या माथ्यावर 'सोर्स ऑफ अनसर्टन्टी' लिहिलं होतं, म्हणजे अनिश्चिततेचा उगम. दुसऱ्यावर 'लोपास गेट': फिल्टरही आणि आवाज कमीजास्त करणारं दारही, दोन्ही एकाच नावात. मूग यांच्याकडे खण आखलेले. बुक्ला खणांच्या भिंतींवर बसत.

दुसरी वाट सर्ज चेरेप्निन यांची. कॅलआर्ट्स या कलासंस्थेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी विद्यार्थ्यांना परवडेल असं यंत्र रचलं. सुरुवातीच्या पॅनेलांवर चक्क कागद चिकटवलेला असे, म्हणून संग्राहक त्यांना 'पेपरफेस' म्हणतात. त्यांचा 'युनिव्हर्सल स्लोप जनरेटर' वायरी कशा जोडल्या त्यावर एन्व्हलप, म्हणजे आवाजाला चढउतार देणारा, होतो, मंद कंपनं देतो, जोरात फिरला तर सूर देतो, आणि बाहेरचं व्होल्टेज गुळगुळीतही करतो. यावर कामाचं नाव लिहिणार काय? चेरेप्निन यांनी जॅकांचे रंग आणि भौमितिक आकार वापरले. कुठून आत, कुठून बाहेर, कोणत्या जॅकला कोणत्या जातीचं व्होल्टेज, एवढंच पॅनेल सांगतं. पुढचं वायर धरणाऱ्याने ठरवायचं. अकराव्या शतकात विक्रमशीलेच्या बौद्ध पंडित रत्नकीर्तीने 'अपोहसिद्धी'त जी तडजोड काढली ती अशीच भासते. त्याच्या मते शब्दातून निव्वळ नकार कळत नाही आणि निव्वळ वस्तूही कळत नाही. नकाराने आखलेली वस्तू एका झटक्यात कळते.

या वाटेने पुढे जाऊन काहींनी पॅनेल कोरंच ठेवलं. नाव नाही, आकडा नाही, नुसते नॉब. यामागे काही प्रामाणिक बांधणारे आहेत, ज्यांना वादकाने कानाने शोधावं असं मनापासून वाटतं. काही जणांच्या बाबतीत मात्र ते गूढतेचं सोंग असतं, आणि महागड्या गूढतेला गिऱ्हाईकही मिळतं.

नाव आणि वस्तू वेगळी करता येतात याचा कायदेशीर नमुनाही याच क्षेत्रात आहे. फ्रान्समधल्या एमिली जिले यांनी 'म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स' या नावाने बनवलेल्या मॉड्यूलांचे आराखडे सर्वांना खुले केले. कुणीही बनवावं, बदलावं, विकावं. अट होती ती नावाची: तयार झालेल्या प्रतीवर 'म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स' लिहायचं नाही, आणि मॉड्यूलचं मूळ नावही शक्यतो ठेवू नये. त्यामुळे एकच सर्किट आज निरनिराळ्या पत्र्यांमागे निरनिराळ्या नावांनी वाजतं. त्याशिवाय विकत घेतलेल्या मॉड्यूलचा मूळ पत्रा काढून दुसऱ्याने आखलेला पत्रा बसवण्याचीही हौस लोकांना असते. व्होल्टेज तसंच, आवाज तसाच, तरी वाजवणारा वेगळ्या ठिकाणी हात नेतो, कारण दोन नॉबांमध्ये एक रेघ नव्याने आखलेली असते.

मराठी वाचकाला हा सगळा वाद परका वाटू नये. 'अमृतानुभवा'च्या पाचव्या प्रकरणात ज्ञानेश्वर सत्, चित् आणि आनंद ही तीन पदं तपासतात आणि दाखवतात की ती परमतत्त्वाचं वर्णन करत नाहीत. 'सत्' असत्तेला दूर करतं, 'चित्' जडतेला, 'आनंद' दुःखाला. व्यावृत्ती, म्हणजे वगळणं, झाली की पदांचं काम संपलं. ज्ञानेश्वर बौद्ध नाहीत आणि वेदान्त्यांनीही ही युक्ती वापरलेली आहे, पण हे दिङ्नागाच्या म्हणण्याच्या किती जवळ जातं ते दिसतं. सहाव्या प्रकरणाला 'शब्दखंडन' म्हणतात. त्याची सुरुवात मात्र शब्दाच्या स्तुतीने होते: विसरलेल्याला आठवण करून देणारा, निराकाराला आरसा दाखवणारा शब्द फार उपकारी आहे. मग ज्ञानेश्वर विचारतात, जो स्वतःला कधी विसरलेलाच नाही त्याला ही आठवण कशाला? आत्म्यापुढे शब्दाचं काही चालत नाही, कारण तिथे शब्दाने करण्यासारखं उरलेलंच नसतं.

पॅनेलवर काय लिहायचं याचा निवाडा बराचसा या प्रश्नाने होतो: विसरणार कोण? सर्किट स्वतः रचणाऱ्याला, निदान रचताना, एकाही अक्षराची गरज नसते. कुठला रेझिस्टर कुठे जातो हे त्याच्या बोटांत असतं. नाव लागतं ते विकत घेणाऱ्याला, मंचावर घाई झालेल्या वादकाला, आणि स्वतः बनवणाऱ्यालाही, मधे पुरेसा काळ गेला की. म्हणून जाणती माणसं नाव कमी आणि दिशा जास्त लिहितात. बाहेर जाणाऱ्या जॅकभोवती भरीव चौकोन जाळून त्यात काळी अक्षरं राखण्याची पद्धत बरीच रूढ आहे. तिथे किरणाला उलटं वागावं लागतं: आजूबाजूचं सगळं उडवायचं आणि अक्षरापुरता रंग सोडायचा. आत येणाऱ्या जॅकला साधं पांढरं नाव. दुसऱ्या कामाची शक्यता असेल तिथे शब्द टाळून दोन नॉबांमध्ये नुसती कमान आखायची.

कोऱ्या पॅनेलचा आग्रह धरणाऱ्यांपैकी एखाद्याचं मॉड्यूल उलटं करून बघावं. मागच्या हिरव्या बोर्डावर प्रत्येक भागाशेजारी पांढऱ्या शाईत आर-१७, सी-४, यू-२ छापलेलं असतं, वीज कोणत्या बाजूने लावायची त्याची रेघ असते, आणि पुढून ज्याला नाव नाकारलं त्या पोटेन्शिओमीटरखाली 'फ्रिक्वेन्सी' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. वायर उलटी लागून काही जळलं तर दुरुस्त करणारा तेच वाचणार.